हौद पेठेचा सरासरी अंगठा

सन १९७६ च्या उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या हौद पेठेत विजेचा एक खांब वाकला. गुळाच्या ढेपा भरलेला ट्रक मागे घेताना ड्रायव्हरने क्लीनरच्या "येऊ द्या, येऊ द्या" या शब्दांवर विश्वास ठेवला, एवढंच त्याचं कारण. खांब पडला नाही. तो रस्त्याकडे कलला, त्याच्यावरच्या तारेला झोळ आला आणि तो झोळ नेमका दूधकट्ट्याच्या टोकावर येऊन थांबला. दूधकट्टा म्हणजे रोज संध्याकाळी जिथे म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून देतात ती जागा. कोल्हापूरच्या माणसाचा दुधावर पूर्ण विश्वास असतो, दूधवाल्यावर अजिबात नसतो, म्हणून ही पद्धत पडली आहे.

खांब वाकल्याबरोबर बाकीच्या गवळ्यांनी आपापल्या म्हशी अलीकडे सरकवून घेतल्या. बायडाबाईंची जागा टोकाची. त्यांना सरकायला जागाच उरली नाही. बायडाबाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांचं घर चंद्री नावाच्या एका म्हशीवर चालत होतं. चंद्रीला दावं लागत नसे. बायडाबाईंनी "चंद्रेऽऽ" म्हटलं की ती असेल तिथून, असेल ते टाकून यायची. दिवाळीच्या पाडव्याला शहरातल्या म्हशी शिंगं रंगवून पळवतात, तेव्हा ती नुसत्या हाकेवर अख्खी पेठ पळाली होती. आता रोज संध्याकाळी तिच्या पाठीच्या वर दीड-दोन हातांवर ती तार लोंबू लागली आणि बायडाबाईंचा जीव थाऱ्यावर राहिना.

त्या वीज कार्यालयात गेल्या. कोणत्या, ते आम्ही लिहीत नाही. त्या कार्यालयाला अजून आमच्या घरची वीज तोडता येते.

"खांब वाकलाय," बायडाबाई खिडकीतल्या कारकुनाला म्हणाल्या. "तार माज्या म्हशीच्या पाटीवर आलीया. मानूस धाडा."

"माणूस नाही," कारकून म्हणाला.

"मग ह्ये समदं काय बसलंय?"

"ही टेबलावरची माणसं. खांबावरची माणसं मोजून घ्यायला गेली आहेत."

"मोजून? त्यास्नी काय मोजायचं?"

"चपळपणा," कारकून म्हणाला आणि खिडकी लावून घेतली. खिडकी त्याने खरोखरच चपळाईने लावली.

इथे थोडी हकीकत सांगितली पाहिजे. त्या वर्षी देशात शिस्त आली होती. गाड्या वेळेवर येत होत्या, किंवा वेळेवर आल्या असं छापून येत होतं, आणि या दोहोंत फरक काय हे विचारण्याची सोय नव्हती. तेव्हा वर कुणाच्या तरी ध्यानात आलं की गाडी वेळेवर आली तरी तिच्यात चढणारा माणूस मंदच आहे. देश मागे राहण्याचं खरं कारण सापडलं. लगोलग 'मानवी प्रतिक्रियाकाल मापन व संवर्धन केंद्र' निघालं आणि त्याची एक शाखा कोल्हापूरला मिळाली. प्रतिक्रियाकाल म्हणजे काय, ते केंद्राच्या दारातल्या फळ्यावर लिहिलेलं होतं: घटना घडल्यापासून माणूस हलेपर्यंत जाणारा वेळ. सरकारी कामात हा वेळ आजवर वर्षांत मोजत असत. आता तो सेकंदाच्या हिश्श्यांत मोजायचा होता.

केंद्राचे प्रमुख नृसिंह किरकिरे पुण्याहून आलेले. गोरे, सडपातळ, आवाज अतिशय मृदू. जर्मनीत शिकून येताना त्यांनी एक यंत्र आणलं होतं. यंत्र साधं होतं. एका लाकडी पेटीवर तांबडा दिवा, त्याच्यापुढे काळं बटण आणि बाजूला एक घड्याळ. माणसाने बटणावर अंगठा टेकवून बसायचं. साहेबांच्या मनाला येईल तेव्हा दिवा लागायचा आणि त्याच क्षणी घड्याळाचा काटा पळू लागायचा. दिवा दिसताच बटण दाबलं की काटा थांबायचा. साधारण माणसाला यासाठी सेकंदाचा पाचवा-चौथा हिस्सा लागतो. त्याहून जास्त लागला तर साहेब मान हलवत आणि त्या हलवण्यात एक राष्ट्रीय दुःख असे.

पहिलाच आदेश निघाला की जोखमीचं काम करणाऱ्या नोकराला सेकंदाच्या पॉइंट वीसच्या आत आल्याशिवाय कामावर पाठवू नये. वीज कार्यालयात खांबावर चढणारे वायरमन दोनच होते, गणपतराव आणि आकाराम. गणपतराव बसले. दिवा लागला. "लागला बगा सायेब," असं त्यांनी साहेबांना रीतसर सांगितलं आणि मग बटण दाबलं. ते नापास झाले आणि त्यांना कार्यालयाच्या माठात पाणी भरण्याच्या बिनजोखमीच्या कामावर लावण्यात आलं. आकाराम हा हौद पेठेच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. गोल त्याने आयुष्यात बरेच खाल्ले होते, पण अंगठा मात्र त्याचा असा पडला की काटा पॉइंट सोळावर थांबला. साहेब खुर्चीतून उठले. आकारामला तिथल्या तिथे केंद्राचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, नेमण्यात आलं.

बायडाबाई दुसऱ्या खेपेला थेट केंद्रात गेल्या, कारण वीज कार्यालयाने आता सगळा प्रश्न केंद्राचा ठरवला होता.

"गणपतरावास्नी तरी धाडा सायेब," त्या म्हणाल्या.

"ते मंद आहेत, बाई. मंद माणसाला खांबावर चढवणं नियमात बसत नाही."

"मग आकारामला धाडा."

"आकाराम हा या जिल्ह्यातला सर्वांत चपळ कर्मचारी आहे," साहेब हळुवारपणे म्हणाले. "त्याला खांबावर चढवलं आणि काही बरंवाईट झालं, तर जिल्ह्याची सरासरी कुठे जाईल?"

"म्हंजी मंद हाय त्यो चडनार न्हाय आन चपळ हाय त्येला चडवायचा न्हाय. मग चडायचं कुनी?"

"प्रश्न चांगला आहे. आम्ही तो वर कळवू. पण बाई, मुळात तुमची एक समजूत चुकते आहे. धोका खांबात नसतो." साहेबांनी पेन्सिल घेऊन टेबलावर एक वाकडी रेघ काढली. "धोका म्हणजे काय? तार सुटल्यापासून खालचा जीव बाजूला होईपर्यंतचा वेळ. तो वेळ कमी केला की धोका कमी झाला. खांब सरळ करून आपण फार तर एक खांब सरळ करू. माणसं चपळ केली, तर देशातले सगळे खांब वाकडे असले तरी चालतील."

बायडाबाईंना हे एक अक्षर पटलं नाही. पण साहेब इतके गोड बोलत होते की भांडायला कुठे हातच घालता येईना. "तार पडू नये म्हून आलते मी," एवढं म्हणून त्या उठल्या. त्यावर साहेबांनी त्यांचे आभार मानले आणि त्याच संध्याकाळी यंत्र घेऊन ते दूधकट्ट्यावर हजर झाले.

कट्ट्यावर दूध प्यायला येणाऱ्या एकूण एक माणसाचा अंगठा मोजण्यात आला. ओठावर दुधाची मिशी घेऊन माणसं रांगेने बसली, दिवा लागला, अंगठे दाबले गेले. हौद पेठेची सरासरी पॉइंट एकवीस निघाली. पेठेच्या तालीम मंडळाचे अध्यक्ष सयाजीराव तिथेच ग्लास घेऊन उभे होते. त्यांना या आकड्याचं सुख-दुःख काहीच नव्हतं. त्यांनी आपलं सहज विचारलं, "आन चिंच पेठंचं किती आलं वो?"

"ती मोजून झाली आहे. पॉइंट वीस," साहेब म्हणाले.

सयाजीरावांनी ग्लास खाली ठेवला. कोल्हापुरात एकच गोष्ट दोन पेठांना कळली की ती गोष्ट राहत नाही, तिची मॅच होते. किरकिरे साहेब पुण्याचे असल्यामुळे त्यांना हे माहीत नव्हतं. "पावणं," सयाजीराव त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फायनल कवा ठिवायची तेवडं बोला."

फायनल दिवाळीच्या तोंडावर ठेवायची ठरली आणि हौद पेठ तयारीला लागली. तालमीत जोर-बैठका मागे पडल्या. पहाटे आखाड्यातल्या मातीत पोरं ओळीने बसून अंगठे वरखाली करू लागली. अंगठ्याला तिळाचं तेल आणि अंगठ्याच्या नावाने बदामाची थंडाई सुरू झाली, जी पोटातच जात होती, पण तक्रार कुणाची नव्हती. वस्तादांनी एकाच पैलवानाच्या डाव्या-उजव्या अंगठ्यांची आपसात जोड लावली आणि ती बरोबरीत सुटली. तांबडं काही दिसलं की दाबायचं, हे अंगात इतकं मुरलं की खानावळीत तांबड्या रश्श्याची वाटी आली की पंगतीतले सगळे अंगठे ताटाच्या काठावर पडत. ज्याचा शेवटी पडे त्याला पांढऱ्या रश्श्यावर उठावं लागे. एका लग्नात भटजींनी नवरीला मळवट भरायला सांगितलं, तेव्हा नवरदेवाने तिच्या कपाळावर अंगठा असा दाबला की मुलीकडची माणसं उठून उभी राहिली. नवरदेव पॉइंट अठराचा आहे असं कळल्यावर ती खाली बसली.

या धामधुमीत खांब आणखी थोडा कलला. पेठेच्या ते लक्षात आलं नाही असं मुळीच नाही. निकालाचा फळा त्या खांबाला टांगलेला असे आणि तो आता बसल्या जागेवरून वाचता येऊ लागला होता.

पावसाळ्याच्या आधी हौद पेठ पॉइंट अठरावर आली. चिंच पेठ पॉइंट एकोणीसवरच अडकली. तेव्हा चिंच पेठेने केंद्राकडे एक हरकत घेतली. खांबाखालच्या धोक्याची सरासरी काढायची, तर खांबाखाली उभे राहणारे सगळे जीव धरले पाहिजेत. तारेच्या बरोबर खाली रोज उभी राहते ती म्हैस. हौद पेठेने ती लपवली आहे.

किरकिरे साहेबांना ही हरकत शास्त्रीय वाटली. "आजवर आपण सर्वांत जास्त धोक्यातल्या जिवाकडेच दुर्लक्ष केलं," ते म्हणाले आणि हे त्यांचं त्या वर्षातलं एकमेव बरोबर वाक्य होतं. ते ऐकून बायडाबाईंना वाटलं की आता खांब सरळ होणार. पण साहेबांनी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीला बोलावून म्हशीच्या खुराच्या मापाचा लोखंडी पाट करायला सांगितला. पाटावर पाय पडला की बटण दाबलं जाणार होतं.

चाचणीला दोन्ही पेठा लोटल्या. चंद्रीपुढे पाट मांडला, पलीकडे पेटी ठेवली. दिवा लागला. चंद्री रवंथ करत होती. तिने दिव्याकडे पाहिलं, हा विषय आपल्या खात्याचा नाही असं ठरवलं आणि ती पुन्हा रवंथ करू लागली. घड्याळाचा काटा गरगर फिरत राहिला. साहेबांनी पाणी मागवलं. चिंच पेठेची पोरं एकमेकांना टाळ्या देऊ लागली. बऱ्याच वेळाने चंद्री जागच्या जागी वळली, शेपटी उचलली आणि जे काही केलं ते नेमकं पाटावर केलं. त्या वजनाने बटण दाबलं गेलं. काटा थांबला.

"ह्ये धरायचं न्हाय!" सयाजीराव ओरडले. "पाय कुटं टाकलाय तिनं?"

"बटण दाबलं गेलं आहे," साहेब वेळ टिपत म्हणाले. "कशाने दाबलं याबद्दल आदेशात उल्लेख नाही."

बायडाबाई पुढे आल्या. "सायेब, तिला दिवा कळत न्हाय वो. माजी हाक कळतीया. ह्ये बगा." त्या चालत कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि त्यांनी हाक मारली. हाक पुरी होण्याआधी चंद्रीने साहेबांचं स्टूल पाडलं, चिंच पेठेची दोन पोरं बाजूला सारली आणि ती बायडाबाईंच्या पदराशी येऊन उभी राहिली. सगळ्यांनी पाहिलं. काही जणांनी टाळ्याही वाजवल्या.

साहेब स्टूल उचलून बसले. "हाक ही प्रमाणित खूण नाही, बाई. दिवा सगळ्या देशात सारखा लागतो. प्रत्येक म्हशीमागे एक बाई पुरवणं शासनाला शक्य नाही."

चंद्रीचा वेळ मिळवल्यावर हौद पेठेची सरासरी पॉइंट अठरावरून चार सेकंदांवर गेली. चिंच पेठेने त्या संध्याकाळी फटाके उडवले.

दुसऱ्या दिवशी सयाजीराव चार माणसं घेऊन बायडाबाईंच्या दारात उभे राहिले. "बायडाक्का, म्हशीनं पेठंचं नाक कापलं."

"खांब सरळ करा की. मग म्हशीला कोन मोजतंय?"

"खांबाचं मागनं बगू. फायनल हाय आता."

"आन तवर तार पडली म्हंजी?"

"पडंना का!" सयाजीराव म्हणाले. "समदी पेठ पॉइंट अठराला आलीया. कुनालाबी काय हुईत न्हाय. तुमची म्हस तेवडी ऱ्हायलीया. एक तर तिला शिकवा, न्हाईतर कट्ट्यावर आनू नगा. पेठंचा निर्णय हाय."

बायडाबाईंना भयंकर संताप आला. एवढी धडधाकट माणसं, एकाने दोर लावला असता आणि चौघांनी ओढला असता तर खांब दुपारपर्यंत सरळ झाला असता, आणि ती माणसं दारात उभी राहून म्हशीची लाज काढत होती. पण कट्टा सुटला तर दूध घेऊन जायचं कुठे? नव्या माणसाला दुसऱ्या कट्ट्यावर कुणी उभंही करत नसे. त्या रात्रभर विचार करून सकाळी म्हणाल्या, "शिकवा जावा."

शिकवायला आकाराम आला. पद्धत सोपी होती. पेटी ठेवायची, दिवा लावायचा आणि दिव्यामागे सरकी पेंडीची पाटी मांडायची. दिवा लागल्याशिवाय पेंड नाही. पहिले काही दिवस चंद्री बायडाबाईंच्या तोंडाकडे पाहत उभी राही. मग तिला गणित कळलं. पावसाळा सरता सरता अशी वेळ आली की तांबडा उजेड दिसायचा अवकाश, चंद्री शिंगं खाली घालून सुटायची आणि वाटेतल्या पाटावर पाय आपटून पेंडीत तोंड घालायची. साहेब स्वतः पाहायला आले आणि "शिक्षणाने काय होतं पाहा," असं म्हणाले.

एका संध्याकाळी बायडाबाईंनी हाक मारली तेव्हा चंद्री आली नाही. रस्त्यावर एक मोटारसायकल उभी होती, तिच्या मागच्या तांबड्या दिव्याकडे ती टक लावून पाहत होती. बायडाबाईंना दुसऱ्यांदा हाक मारावी लागली. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"आकाराम, आरं माजी हाक ऐकंना झालीया की रं ती."

"हुतंय मावशी. फायनल झाली की परत शिकवू."

"आन तू खांबावर कवा चडनार?"

आकारामने आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याला हल्ली सुती कापडात गुंडाळून ठेवायचा हुकूम होता. "मी तयार हाय वो," तो म्हणाला. "पर ह्येला वरनं परवानगी लागतीया."

फायनलच्या दिवशी हौद पेठ नवरीसारखी नटली. मुंबईहून एक मोठे अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. कट्टा धुऊन काढला होता, समोरच्या फरसबंदीवर पाण्याची थारोळी साचली होती. पेठेने लाऊडस्पीकरचे दोन कर्णे आणि दिव्यांच्या माळा लावायच्या ठरवल्या, तेव्हा सगळ्यात सोयीचा खांब तोच निघाला. तो इतका खाली आला होता की कर्णे बांधायला शिडीसुद्धा लागली नाही. मंडपाची एक दोरी तारेवरून टाकून पलीकडे ताणण्यात आली. खाली खुर्चीवर बसून हे सगळं चपळ पेठेने चपळाईने केलं. एकट्या बायडाबाई म्हणत होत्या की कर्णे काढा, दोरी काढा. पण त्यांचं बोलणं कर्ण्यांतल्या गाण्यात कुणाला ऐकू गेलं नाही.

माणसांच्या फेऱ्या झाल्या. दोन्ही पेठा पॉइंट अठरावर बरोबरीत राहिल्या. आता निकाल चंद्रीवर होता. कट्ट्यासमोर पाट मांडला होता, साहेबांच्या हातात घड्याळ होतं आणि बायडाबाई चंद्रीच्या मानेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्याआधी पाहुण्यांना दोन शब्द बोलण्याची विनंती झाली. "हौद पेठेने आज देशाला दाखवून दिलं आहे," पाहुणे म्हणाले, "की परिस्थिती वाकडी असली तरी नागरिक तत्पर असला म्हणजे..."

म्हणजे काय, ते राहून गेलं. झोळाला दोरीचा ताण सोसला नाही आणि तार सुटली. ती कट्ट्यासमोर, माणसांपासून जरा लांब, ओल्या फरसबंदीवर पडली आणि तिथे तांबडाभडक जाळ उडाला.

हौद पेठेने कमाल केली. डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्ख्या पेठेने अंगठे दाबले. कुणी मांडीवर दाबला, कुणी खुर्चीच्या हातावर, कुणी शेजाऱ्याच्या पाठीत. आकारामचा सगळ्यांत आधी पडला. आणि अंगठे दाबून सगळे जागच्या जागी बसून राहिले, कारण पाय हलवायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

हलली ती चंद्री. जाळ दिसला तशी ती बायडाबाईंच्या हाताखालून सुटली.

"चंद्रेऽऽ!" बायडाबाई जिवाच्या आकांताने ओरडल्या. "माघारी फीर! चंद्रेऽऽ!"

चंद्रीचा कान मागे फिरला. आम्ही तो फिरताना पाहिला. पण समोर तांबडं होतं आणि तांबड्याच्या मागे पेंड असते. ती गेली. फरसबंदीवरच्या पाण्यात तिचा पाय पडला आणि ती तिथेच कोसळली. पाठोपाठ सगळ्या पेठेची वीज गेली. एरवी ती कधीही जात असे, त्या दिवशी तेवढी थांबली होती.

अंधारात कुणीतरी गॅसबत्ती पेटवली आणि तिच्या उजेडात किरकिरे साहेब दिसले. जाळ उडाला तेव्हा आणि चंद्री हलली तेव्हा सवयीने त्यांच्या हातून घड्याळ दाबलं गेलं होतं. ते काट्याकडे पाहत होते.

"सायेब," सयाजीराव दबक्या आवाजात म्हणाले, "किती?"

"पॉइंट चौदा," साहेब म्हणाले. त्यांनी आकडा लगेच टिपून घेतला. "जर्मनीतसुद्धा नाही."

मग हलगी कडाडली. पोरांनी गुलालाची पोती फोडली. चिंच पेठेच्या अध्यक्षांनी पुढे येऊन सयाजीरावांना मिठी मारली आणि हरल्याचं मोकळ्या मनाने कबूल केलं. सयाजीराव फेटा आणि नारळ घेऊन बायडाबाईंकडे आले. त्या फरसबंदीवर चंद्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अंगावर गुलाल उडत होता तो त्यांनी झटकलाही नाही.

"उटा बायडाक्का," सयाजीराव म्हणाले. "म्हशीनं पेठंचं नाव काढलं."

बायडाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या साहेबांना म्हणाल्या, "माजी हाक तिला पोचत हुती, सायेब. तुमी मदी दिवा लावलासा."

साहेब खाली वाकले. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. "बाई," ते मृदू आवाजात म्हणाले, "तुमच्या हाकेचा वेळ आमच्याकडे मोजलेला नाही."

केंद्राचा अहवाल पुढे वर गेला. घटनास्थळी हजर असलेल्या सर्व नागरिकांची प्रतिक्रिया विहित वेळेत आली, असं त्यात लिहिलं आहे आणि ते अक्षरशः खरं आहे. साहेबांना बढती मिळाली. हौद पेठेत दरवर्षी चंद्रीच्या नावाने अंगठ्याची स्पर्धा भरते. बायडाबाई कट्ट्यावर येत नाहीत, त्या चार घरची धुणीभांडी करतात. स्पर्धेच्या दिवशी त्यांना व्यासपीठावर बसायचं बोलावणं जातं. त्या आजवर आल्या नाहीत, त्यामुळे पेठेत त्यांच्याबद्दल थोडी नाराजी आहे.

खांबाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. पेठेत कुणी विचारलं नाही. सुटलेली तार त्याच खांबाला पुन्हा जोडली, खांब आहे तसाच आहे. तसा एक तुमच्याही गल्लीच्या तोंडाशी आहे आणि आज सकाळी तुम्ही त्याच्याखालून गेलात. तार दिसताच मान खाली घातलीत, पोराला दंडाला धरून पलीकडे ओढलंत, तारेखाली भाजी विकत बसलेल्या म्हातारीला वळसा घातलात आणि पुढे गेलात. सगळं मिळून सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा लागला नसेल. तुम्ही उत्तीर्ण आहात.